मूर्ख कोणास म्हणावें?



आपल्या खेड्यापाड्यांत ‘मूर्ख’ हा शब्द फार स्वस्त झाला आहे. ज्यास अक्षरओळख नाहीं तो मूर्ख. ज्यास बाजारांत हिशेब करितां येत नाहीं तो मूर्ख. जो चार लोकांपुढें बोलतांना अडखळतो तो मूर्ख. उलट ज्यास कागद वाचतां येतो, ज्याची जीभ चालते, जो देण्याघेण्यांत कोणास हार जात नाहीं, त्यास लोक शहाणा म्हणतात. हें माप जगाचें आहे खरें; पण तें देवाच्या मंडळींतही शिरतें. प्रार्थनासभेंत एखादी निरक्षर म्हातारी आपली साक्ष सांगूं लागली म्हणजे तरुण लोक एकमेकांकडे पाहून हसतात, आणि शिकलेला मनुष्य कसाही वागला तरी त्यास पुढची जागा मिळते. म्हणून खरोखर मूर्ख कोण, आणि मूर्खपणा ही मनुष्याच्या बुद्धीची उणीव आहे कीं त्याच्या अंतःकरणाचें पाप आहे, हें शास्त्राच्या उजेडांत पाहणें अगत्याचें आहे.

हा प्रश्न केवळ पंडितांच्या वादाचा नाहीं. उणीव असेल तर तिच्याविषयीं दया करावी लागते; पाप असेल तर त्याविषयीं पश्चात्ताप करावा लागतो. आपण उणिवेला पाप मानिलें, तर निर्दोष गरिबास विनाकारण अपमान सोसावा लागेल. आणि पापाला उणीव मानिलें, तर दोषी मनुष्य ‘माझी बुद्धीच तेवढी’ असें म्हणून मोकळा सुटेल. दोन्ही प्रकारें अन्यायच होतो.

जुन्या कराराचीं पुस्तकें, थोडा भाग सोडून, इब्री भाषेंत लिहिलेलीं आहेत. आपल्या मराठी शास्त्रांत बहुधा ‘मूर्ख’ हा एकच शब्द आढळतो, तेथें इब्रींत तीन निरनिराळे शब्द आहेत. आणि त्यांच्या अलीकडे एक व पलीकडे एक असे आणखी दोन शब्द आहेत. हे पांच शब्द ध्यानांत घेतले, तर आपल्या प्रश्नाचें अर्धें उत्तर मिळतें.

अलीकडचा शब्द ‘पेती’, म्हणजे भोळा. हा बहुधा तरुण असतो. ज्यानें अजून कोणतीच वाट पक्की धरिलेली नाहीं, जो ऐकेल तें खरें मानितो (नीतिसूत्रें १४:१५), आणि पुढें धोका आहे हें न पाहतां तसाच चालत जातो (२२:३), तो हा मनुष्य होय. आपल्या भाषेंत ‘भोळा’ हा शब्द गोड वाटतो. भोळ्या भावाची आपण वाखाणणी करितों. शास्त्रही भोळ्याशीं कठोरपणें बोलत नाहीं. परमेश्वराचें वचन भोळ्यास शहाणा करितें असें १९ वें स्तोत्र म्हणतें, आणि परमेश्वर भोळ्यांचें रक्षण करितो असें ११६ वें स्तोत्र म्हणतें. परंतु ह्या दशेंत कायमचें राहतां येत नाहीं. नीतिसूत्रांच्या ९ व्या अध्यायांत एका घरांतून ज्ञान नांवाची स्त्री हाक मारिते, आणि दुसऱ्या घराच्या दारांत बसून मूर्खता नांवाची स्त्री हाक मारिते; दोघीही त्याच भोळ्या वाटसरूस, जवळजवळ त्याच शब्दांनीं, बोलावितात. भोळेपण हा दोन वाटांचा फांटा आहे. तेथून कोठें तरी जावेंच लागतें.

मधले तीन शब्द हे खऱ्या मूर्खाचे आहेत. ‘केसील’ हा जड व निर्धास्त मनुष्य. त्यास समजून घेण्यांत गोडी नसते, आपल्या मनांतलें बोलून दाखविण्यांत मात्र फार गोडी असते (१८:२). समंजसास एक शब्द जितका लागतो, तितके शंभर फटके ह्यास लागत नाहींत (१७:१०). ज्या चुकीनें एकदां तोंड पोळलें, त्याच चुकीकडे तो पुन्हां जातो. आणि कुत्रें जसें आपल्या ओकारीकडे परततें तसा हा, अशी कठोर उपमा शास्त्रानें त्यास दिली आहे (२६:११). दुसरा ‘एवील’. ह्यास आपलाच मार्ग नीट दिसतो (१२:१५), आणि बापाची शिस्त त्यास तुच्छ वाटते (१५:५). ह्यास धान्याबरोबर उखळांत घालून मुसळानें कांडिलें, तरी त्याचा मूर्खपणा त्याच्यापासून सुटत नाहीं (२७:२२). कांडतांना कोंडा दाण्यापासून वेगळा होतो, हें आपल्या बायका पूर्वीं रोज पाहत असत. पण ह्या माणसाचा कोंडा त्याच्या इच्छेलाच चिकटलेला आहे. तिसरा शब्द ‘नाबाल’. हा सर्वांत भयंकर, आणि त्याच्याविषयीं पुढें सविस्तर पाहूं.

पलीकडचा शब्द ‘लेत्स’, म्हणजे टवाळ, निंदक. ह्याच्या अंगीं पुष्कळदां चांगली तल्लख बुद्धि असते. परंतु ती तो पवित्र गोष्टींची थट्टा करण्यांत खर्चितो. ह्यास बोध करणाऱ्याच्या पदरीं अपमानच येतो (९:७). नीतिसूत्रांच्या पहिल्या अध्यायाच्या २२ व्या वचनांत भोळा, टवाळ व मूर्ख ह्या तिघांस एकाच हाकेंत विचारिलें आहे, कीं तुम्ही अशा स्थितींत कोठवर राहणार? ह्यावरून असें दिसतें कीं, हे तीन जन्मजात वर्ग नसून एकाच उताराच्या पायऱ्या आहेत. आज जो भोळा आहे, तो बोध टाळीत गेला तर उद्यां हट्टी होईल, आणि हट्टी झालेला मनुष्य बोध करणाऱ्यासच हसूं लागेल.

आतां एक गोष्ट लक्षांत घ्यावी. ह्या पांच शब्दांपैकीं कोणत्याही शब्दानें असें म्हटलेलें नाहीं कीं, ह्या मनुष्यास वाचतां येत नाहीं, अथवा ह्याची समज जन्मापासून थोडी आहे. ज्याचें चित्त भ्रमिष्ट झालें, त्याच्यासाठीं इब्रींत निराळा शब्द आहे. दावीद गथाचा राजा आखीश ह्याच्यापुढें वेड्याचें सोंग करितो (१ शमुवेल २१), तेव्हां राजा जो शब्द वापरितो तो वरील पांचांपैकीं नाहीं. म्हणून ज्याच्या घरांत मंदबुद्धीचें लेंकरूं आहे, त्या आईबापांनीं नीतिसूत्रांतील मूर्खाविषयींचीं वचनें आपल्या लेंकरास लावून दुःख करूं नये, आणि शेजाऱ्यांनींही तीं त्यास लावूं नयेत. तीं वचनें त्याच्याविषयीं लिहिलेलींच नाहींत. ज्यास ऐकूं येतें पण जो ऐकत नाहीं, त्याच्याविषयीं तीं लिहिलीं आहेत.

मग ‘नाबाल’ कोण? सुदैवानें शास्त्रानें आपणांस ह्या शब्दाची नुसती व्याख्या दिली नाहीं. ह्या नांवाचा एक मनुष्यच आपल्यापुढें उभा केला आहे. १ शमुवेलाच्या २५ व्या अध्यायांत त्याची गोष्ट आहे. तो मावोन येथें राहत असे, आणि त्याची मालमत्ता कर्मेल येथें होती. (एलीया संदेष्ट्याचा कर्मेल डोंगर तो हा नव्हे, हें यहूदाच्या डोंगराळ मुलखांतील एक गांव आहे.) त्याचीं ३००० मेंढरें व १००० शेरडें होतीं. इतकीं जनावरें चारणें, त्यांस पाणी पुरविणें, चाकरांकडून काम करून घेणें, लोंकर कातरून तिचा पैसा करणें, हें बुद्धिहीनाचें काम नाहीं. जगाच्या मापानें नाबाल हा आपल्या मुलखांतील एक हुशार असामी होता.

लोंकर कातरण्याचे दिवस म्हणजे त्या देशांत सणाचे दिवस. आपल्याकडे खळ्यावर रास पडली म्हणजे जसा हात सैल होतो तसाच तेथेंही होत असे. दावीद त्या वेळीं शौलाच्या भयानें सुमारें ६०० माणसांसह रानांत राहत होता. त्याच्या माणसांनीं नाबालाच्या मेंढपाळांस त्रास दिला नव्हता. उलट रात्रंदिवस ते त्यांच्याभोवतीं भिंतीसारखे उभे राहिले होते, अशी साक्ष नाबालाच्याच एका चाकरानें दिली आहे. दाविदानें दहा तरुण पाठवून, जें हातीं येईल तें द्यावें, अशी नम्रपणें विनंति केली. नाबालानें काय केलें? दाविदास आपण ओळखतच नाहीं असा आव आणिला, तो धन्यापासून पळालेल्या चाकरांपैकीं कोणी असावा असा टोमणा मारिला, आणि माझी भाकर, माझें पाणी, माझ्या कातरणारांसाठीं मीं कापलेल्या जनावरांचें मांस मीं कां द्यावें, असें विचारिलें. एका वाक्यांत चार वेळां त्याच्या तोंडीं ‘माझें’ आलें. ज्यांनीं राखण केली त्यांची आठवण त्यांत नाहीं, आणि ज्यानें पाऊस व चारा दिला त्याचीही नाहीं.

परंतु त्याच्या मूर्खपणाचें मर्म त्याच्या चाकरानें सांगितलें आहे. घरावर मोठें संकट येत आहे हें त्या चाकरानें ओळखिलें, पण तो धन्याकडे गेला नाहीं. तो धनिणीकडे, अबीगईलीकडे गेला. कां? तर आपला धनी असा आहे कीं त्याच्याशीं कोणास बोलतांच येत नाहीं, असें त्यानें सांगितलें. बंधूंनो, हें वचन आपण पुन्हां पुन्हां वाचावें. घरांतल्या चाकरास जें कळलें, तें घरधन्यास कळूं शकलें नाहीं. कारण कळविणाऱ्यासाठीं त्यानें वाटच ठेविली नव्हती. पालथ्या घड्यावर पाणी, अशी आपल्यांत म्हण आहे. घडा कच्चा नसतो, फुटकाही नसतो. त्याचें तोंड फिरलेलें असतें, एवढाच दोष. नाबालाचा दोष हाच होता.

पुढील हकीकत आपणांस ठाऊक आहे. दावीद रागावून ४०० माणसें घेऊन निघाला, व २०० माणसें सामानापाशीं राहिलीं. अबीगईलीनें २०० भाकरी, द्राक्षारसाचे दोन बुधले, तयार केलेलीं पांच मेंढरें, पांच मापें भाजलेलें धान्य, खिसमिसांचे १०० घड व अंजिरांच्या २०० ढेपा गाढवांवर लादून त्यास वाटेंत गांठिलें. तिनें आपल्या नवऱ्याविषयीं सांगितलें कीं, जसें त्याचें नांव तसाच तो आहे. त्याच रात्रीं नाबाल राजासारखी मेजवानी करून पिऊन झिंगला होता. सकाळीं नशा उतरल्यावर तिनें त्यास सर्व सांगितलें, तेव्हां त्याचें काळीज जणूं मेलें व तो दगडासारखा झाला. आणि सुमारें दहा दिवसांनीं परमेश्वराच्या तडाख्यानें तो मेला. ज्याचें अंतःकरण दुसऱ्याच्या भुकेपुढें आधींच दगड झालें होतें, तो शेवटीं खरोखर दगडासारखा पडून राहिला.

ही एका माणसाची गोष्ट झाली. परंतु शास्त्रांत ‘नाबाल’ हा शब्द जेथें जेथें येतो, तेथें तेथें ह्याच गोष्टीची छाया दिसते. अनुवाद ३२:६ येथें मोशे इस्राएल लोकांस हाच शब्द लावितो. कारण ज्या परमेश्वरानें त्यांस बापाप्रमाणें निर्माण केलें, त्यास त्यांनीं अशी फेड केली. म्हणजे कृतघ्नता हा ह्या मूर्खपणाचा पाया आहे. यिर्मया १७:११ येथें अन्यायानें धन मिळविणाऱ्याविषयीं सांगितलें आहे कीं, तें अर्ध्या आयुष्यांतच त्यास सोडून जाईल आणि शेवटीं तो ‘नाबाल’ ठरेल. यशयाच्या ३२ व्या अध्यायांत संदेष्टा म्हणतो कीं, नीतिमान राजाच्या राज्यांत अशा माणसास थोर म्हणणार नाहींत. कारण तो भुकेल्याचें पोट रितें ठेवितो व तान्हेल्यास पाणी मिळूं देत नाहीं. भाकर आणि पाणी! मावोनाच्या नाबालानें जें नाकारिलें तेंच येथें आहे. संदेष्ट्याच्या मतें मूर्खाची ओळख त्याच्या परीक्षेच्या गुणांवरून होत नाहीं. त्याच्या दारावरून भुकेला कसा परत गेला, त्यावरून होते.

आतां १४ वें स्तोत्र पाहूं. तेथें ‘नाबाल’ मनांतल्या मनांत म्हणतो कीं देव नाहीं. पुष्कळ उपदेशक हें वचन नास्तिक तत्त्वज्ञान्याविषयीं घेतात. परंतु त्याच स्तोत्राच्या चौथ्या वचनापर्यंत वाचीत गेल्यास दिसतें कीं, हे लोक देवाच्या प्रजेस भाकरीप्रमाणें खाऊन टाकितात. त्यांचा नास्तिकपणा त्यांच्या तोंडांत नसून हातांत आहे. कदाचित् तोंडानें ते स्तोत्रेंही म्हणत असतील. पण गरिबाचा वाटा खातांना वर पाहणारा कोणी आहे, असें ते मनांत धरीत नाहींत. खोटें माप ठेवणारा, मजुराची मजुरी अडविणारा, विधवेचा बांध कोरणारा मनुष्य त्या घटकेस ‘देव नाहीं’ असेंच म्हणत असतो, मग तो रविवारीं कोठेंही बसो. ९४ व्या स्तोत्रांतही हेंच आहे. विधवा, परदेशी व पोरके ह्यांस मारणारे लोक परमेश्वर पाहत नाहीं असें मानितात; आणि स्तोत्रकर्ता त्यांसच मूर्ख म्हणून विचारितो कीं, ज्यानें कान घडविला त्यास ऐकूं येणार नाहीं काय?

ह्याच शब्दापासून झालेला ‘नेबाला’ हा इब्री शब्द इस्राएलाच्या अत्यंत काळ्या कृत्यांस लाविलेला आहे. शखेमानें याकोबाची कन्या दीना हिची अब्रू घेतली तेव्हां (उत्पत्ति ३४), आखानानें समर्पित वस्तु चोरून तंबूंत पुरिल्या तेव्हां (यहोशवा ७), गिबा येथील लोकांनीं एका अनाथ स्त्रीचा जीव घेतला तेव्हां (शास्ते २०) हाच शब्द आला आहे. अम्नोनानें आपल्या बहिणीवर, तामारेवर, हात टाकिला, तेव्हां तिनें त्यास विनविलें कीं इस्राएलांत असें करीत नाहींत, आणि असें केलेंस तर तूं इस्राएलांतील मूर्खांपैकीं एक ठरशील (२ शमुवेल १३). तिच्या तोंडीं ‘मूर्ख’ ह्या शब्दाचा अर्थ मंदमति असा होऊंच शकत नाहीं. अम्नोनाचा बेत फार धूर्तपणें रचलेला होता; त्यास योनादाब नांवाचा चतुर सल्लागारही होता. धूर्तता व मूर्खपणा हीं एकाच मनुष्यांत सुखानें नांदतात, हें ह्या एका अध्यायावरून कळावें. आणि हेंही कळावें कीं अम्नोनानें ऐकिलें नाहीं. त्या अध्यायांत तसें स्पष्ट लिहिलें आहे: तो तिचें ऐकेना.

म्हणून शास्त्राचा निवाडा असा दिसतो. मूर्खपणा म्हणजे समज नसणें नव्हे. समजण्याचें नाकारणें होय. परमेश्वराचें भय हा ज्ञानाचा आरंभ आहे असें नीतिसूत्रांच्या आरंभींच सांगितलें आहे, आणि लगेच त्याच वचनांत मूर्ख लोक शिस्त तुच्छ मानितात असेंही म्हटलें आहे. वरून देवाचें वचन येतें, बाजूनें शेजाऱ्याची हाक येते, आणि समोरून बोध करणाऱ्याचा शब्द येतो. ह्या तिन्ही दिशांनीं ज्याचा कान बंद आहे तो मूर्ख. मग तो चार भाषा जाणणारा असो, कीं अंगठा उठविणारा असो.

येथें कोणी विचारील कीं, मग शहाणा मनुष्य चुकतच नाहीं काय? चुकतो. नाबालाच्या गोष्टींत दावीद स्वतःच मोठ्या मूर्खपणाच्या उंबरठ्यावर उभा होता. एका मनुष्याच्या अपमानासाठीं त्याच्या घरांतील एकही पुरुष सकाळपर्यंत जिवंत ठेवणार नाहीं, अशी शपथ त्यानें वाहिली होती. निर्दोष चाकरांचें, ज्यांनीं त्याच्या बाजूनें साक्ष दिली त्यांचेंही, रक्त त्याच्या माथीं आलें असतें. दोघेही रागीट, दोघेही मानी. मग भेद कोठें पडला? तो एवढाच, कीं वाटेंत एक स्त्री गाढवावरून उतरून बोलूं लागली, तेव्हां दावीद थांबला व त्यानें ऐकिलें. ४०० हत्यारबंद माणसांपुढें एका स्त्रीच्या सांगण्यावरून माघार घेण्यांत त्यास कमीपणा वाटला नाहीं. त्यानें तिला पाठविणाऱ्या परमेश्वराचा धन्यवाद केला, आणि तिच्या शहाणपणाचाही धन्यवाद केला.

आणखी एक ताडून पाहण्याजोगी जोडी आहे. शौल राजानें दाविदापुढें कबूल केलें कीं, मीं मूर्खपणा केला (१ शमुवेल २६:२१). पुढें दाविदानेंही शिरगणतीच्या पापानंतर परमेश्वरापुढें तेंच कबूल केलें (२ शमुवेल २४:१०). दोन्ही ठिकाणीं इब्रींत एकच क्रियापद आहे. शब्द तेच, पण शौलाची कबुली ही पहिली नव्हती. तो आधींही एकदां असाच रडला होता, आणि पुन्हां तलवार घेऊन निघाला होता. म्हणून दाविदानें त्याच्या गोड शब्दांवर भरंवसा न ठेवितां देश सोडिला. उलट दाविदानें आपला दोष दूर व्हावा म्हणून प्रार्थना केली, शिक्षेसाठीं स्वतःस देवाच्या हातीं दिलें, आणि ह्या मेंढरांनीं काय केलें, शिक्षा मला व माझ्या घराण्याला होवो, असें म्हटलें. मूर्खपणा कबूल करणें सोपें आहे. त्याचा भार दुसऱ्यांवर पडूं न देणें हें खऱ्या पश्चात्तापाचें चिन्ह आहे.

दुसरी शंका अशी, कीं मुसळानेंही जो सुटत नाहीं त्या मूर्खपणास उपाय तरी कोणता? मार हा त्याचा उपाय नाहीं, एवढें तें वचन सांगतें. परंतु ज्या पुस्तकांत तें वचन आहे त्याच पुस्तकाच्या ८ व्या अध्यायांत ज्ञान हें चव्हाट्यावर उभें राहून भोळ्यांबरोबर मूर्खांसही हाक मारितें, आणि समजदार अंतःकरण घ्या, असें त्यांस सांगतें. ज्याची आशाच उरली नाहीं, त्यास कोणी हाक मारीत नाहीं. आसाफ हा स्तोत्रकर्ता कबूल करितो कीं, दुर्जनांचा उत्कर्ष पाहून मी देवापुढें जनावरासारखा झालों होतों (स्तोत्र ७३). पण तो देवाच्या पवित्रस्थानांत गेला आणि त्याचे डोळे उघडले. आगूर नांवाचा ज्ञानी मनुष्य आपलें वचन ह्याच शब्दांनीं सुरू करितो, कीं मी सर्व माणसांत पशुतुल्य आहें (नीतिसूत्रें ३०:२). जो स्वतःस असें म्हणूं शकतो, तो मूर्ख राहिलेला नाहीं. घड्याचें तोंड वर झालेलें आहे. उलट जो आपल्याच दृष्टीनें शहाणा आहे, त्याच्यापेक्षां मूर्खाविषयीं अधिक आशा आहे, असें २६:१२ येथें सांगितलें आहे.

ह्यांतून आपल्या मंडळ्यांनीं काय शिकावें? पहिली गोष्ट गरीब व निरक्षर बंधुभगिनींसाठीं आहे. अक्षर न येणें हा दोष नाहीं. संधि मिळेल तेव्हां शिकावें, मुलांस अवश्य शिकवावें, पण निरक्षरतेमुळें स्वतःस देवापुढें कमी लेखूं नये. श्रीमंत मनुष्य स्वतःस शहाणा समजत असतो, परंतु समजदार गरीब त्याची पारख करितो, असें २८:११ येथें आहे. उपदेशकाच्या पुस्तकाच्या ९ व्या अध्यायांत एका गरीब शहाण्या माणसानें वेढा पडलेलें नगर वांचविलें, आणि मग त्याची कोणी आठवणही ठेविली नाहीं. लोक विसरले म्हणून त्याचें शहाणपण खोटें ठरलें नाहीं. नाबालाच्या घरीं शहाणपण चाकराच्या तोंडीं होतें. देवास आजही तसें करितां येतें.

दुसरी गोष्ट आपण वाचणारे, शिकविणारे, उपदेश करणारे ह्यांच्यासाठीं आहे, आणि ती अधिक जड आहे. आपलें काम बोलण्याचें असल्यामुळें ऐकण्याची संवय सुटण्याचा धोका आपणांसच जास्त. म्हातारा झालेला व बोध घेणें विसरलेला राजा मूर्ख असेल, तर त्याच्यापेक्षां गरीब शहाणा पोर बरा, असें उपदेशक ४:१३ येथें आहे. राजाच्या जागीं आपलें नांव घालून हें वचन वाचावें. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) ह्यांच्याएवढी विद्या आपणांपैकीं फारच थोड्यांस असेल. त्यांनीं इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास करून सबंध पवित्र शास्त्र साध्या मराठींत आणिलें, तें साध्या माणसांस कळावें म्हणून. विद्येचा उपयोग दुसऱ्याचा कान उघडण्यासाठीं व्हावा, त्याचें तोंड बंद करण्यासाठीं होऊं नये.

तिसरी गोष्ट जिभेची. हें सर्व ऐकून कोणी आपल्या शेजाऱ्यास ‘तूंच तो नाबाल’ असें म्हणूं लागेल, तर तो ह्या शिक्षणाचा दुरुपयोग होईल. आपल्या प्रभूनें डोंगरावरील प्रवचनांत (मत्तय ५:२२) भावास मूर्ख म्हणणाऱ्यास नरकाग्नीचा धाक घातला आहे; आणि लूकाच्या १२ व्या अध्यायांत, ज्याच्या तोंडीं माझें पीक, माझीं कोठारें, माझा माल एवढेंच होतें, त्या श्रीमंतास देवानें स्वतः मूर्ख म्हटलें असें सांगितलें आहे. मूर्ख ठरविण्याचा अधिकार देवाकडे राहिला. हा शब्द मूठभर मातीसारखा दुसऱ्यावर फेंकण्यासाठीं आपणांस दिलेला नाहीं. आरशासारखा आपल्यापुढें धरिलेला आहे.

तर मग प्रत्येकानें आपल्या घरीं शांतपणें विचार करावा. माझ्या घरांतील लहानांस, माझ्या बायकोस, माझ्या हाताखालच्या माणसांस माझी चूक मला निर्भयपणें सांगतां येते काय? कीं त्यांनींही, ह्याच्याशीं बोलतांच येत नाहीं, असें म्हणून दुसरें दार शोधिलें आहे? मीं शेवटचा बोध ऐकून आपली वाट बदलिली त्यास किती दिवस झाले? माझ्या दारावरून भुकेला व तान्हेला कसा परत गेला? ह्या प्रश्नांचीं उत्तरें देण्यास विद्या लागत नाहीं. ज्या देवानें कान घडविला तोच तो उघडितो, आणि मागणाऱ्यास तो ज्ञान देतो. तो आपणां सर्वांस ऐकणारें अंतःकरण देवो.